हो, नाही, की चष्मा?

तिर्झा : ...आधीच सांगते, चिडायचं नाही. बाबा, रविवारी सभेत तुझा हात वर होता तो 'हो'साठी, 'नाही'साठी, की तू नुसता चष्मा सरकवत होतास?

आई : तिर्झा!

तिर्झा : अगं मी नाही, माझ्या मैत्रिणी, हॅडली आणि मार्गो! पैज लावलीये त्यांनी. म्हणाल्या, एवढी शूर झालीस ना आजकाल, मग घरी जाऊन विचार. हरेल तिनं बाकीच्या दोघींना नारळाचं सरबत घातलेला सोडा पाजायचा. मोठा ग्लास.

आई : सोड्यासाठी बापावर पैज लावता? शौर्य दाखवायचं तर ते टोपलं इकडे आण. बरण्यांत भरायचे निम्मे पीच अजून पडलेत. लीलंड, उकळत्या पाण्यातले काढ आता, सालं सुटली असतील. लीलंड. अरे, खीर होईल त्यांची.

बाबा : हो. काढतो.

तिर्झा : हे 'हो' पीचचं की माझ्या प्रश्नाचं?

बाबा : पीचचं.

तिर्झा : आणि माझ्या प्रश्नाचं?

बाबा : माहीत नाही.

तिर्झा : माहीत नाही म्हणजे? हात तुझा होता!

बाबा : हात माझा होता. एवढं नक्की.

तिर्झा : थांब, मी सगळं सांगते, मग आठवेल. अध्यक्ष बॅगली उभे राहिले. आठ मंडळ्यांचे अध्यक्ष, म्हणून टायसुद्धा आठ मंडळ्यांना पुरेल एवढा. म्हणाले, 'ब्रदर वेंडेल थेन यांना या मंडळीचे बिशप होण्याचं पाचारण झालं आहे. पाठिंबा असेल त्यांनी उजवा हात वर करावा.' सगळ्यांनी केला. स्टीडमन आजोबांनी तर झोपेतच केला. मग म्हणाले, 'कोणाचा विरोध असेल तर त्यांनी तसाच हात वर करून दाखवावा.' आता हे नुसतं म्हणायचं असतं ना? मी जन्मल्यापासून कोणी केलेला नाही. क्षणभर शांत राहायचं आणि पुढे जायचं. आणि तेवढ्या शांततेत, तिसऱ्या बाकावर, एकच हात. तुझा. कानाच्या वर. मग तो चष्म्याकडे गेला.

बाबा : कानाच्या वर?

तिर्झा : हॅडली म्हणते कानाच्या वर, म्हणजे विरोध. मार्गो म्हणते कानापाशी, म्हणजे चष्मा.

बाबा : साक्षी दोन, आणि त्या जुळत नाहीत.

तिर्झा : बाबा, मी तुझी तळटीप नाहीये!

आई : तळटिपांचं नाव नको या घरात. गॅरेज भरलंय तेवढं पुरे. माझी गाडी महिनाभर उन्हात उभी आहे.

तिर्झा : ती खोकी उघडली तर जाईल की आत.

बाबा : उघडीन.

आई : हे 'उघडीन' मी रोज ऐकते. व्हीलर संस्थेतून याला काढलं आणि ही खोकी घरी आली त्या दिवसापासून. एकाची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही.

तिर्झा : एकाची निघालीये. मी काढली. ते नंतर सांगते. आधी हे सांग, हॅडली विचारत होती, तुझ्या बाबाला काढलं ते नक्की कशावरून? मी म्हटलं, भांडण होतं. म्हणे, श्रद्धेवरून? मी म्हटलं, नाही गं, बाबा आणि ब्रदर थेन एकच ग्रंथ वाचतात, एकच प्रार्थना करतात, एकाच सभेत बसतात. मग कशावरून? आणि मला सांगताच येईना! वादविवाद स्पर्धेत पहिली आले गं मी, आणि हे सांगता येईना. एका वाक्यात सांग ना, बाबा.

बाबा : एका वाक्यात नाही होणार.

आई : मी सांगते. लोक उठसूट आपल्या ग्रंथाला खोटं म्हणतात. तुझा बाबा त्यांना उत्तरं लिहायचा. वीस वर्षं. संस्थेचा अंक म्हणजे तेच. मग वेंडेल तिथे संचालक झाला आणि म्हणाला, उत्तरं पुरे झाली, आता मोठ्या विद्यापीठांत चारचौघांत वाचलं जाईल असं संशोधन करू. झालं एका वाक्यात?

तिर्झा : पाच-सहा तरी झाली.

बाबा : अगदी तसं नाही. वेंडेलचंही म्हणणं होतं. तो म्हणायचा, आपण सगळेच दारात उभे राहून दगड मारणाऱ्यांशी भांडतो आहोत. घरात स्वयंपाक कोण करणार?

आई : आणि तू म्हणायचास, दारात कोणी उभंच राहिलं नाही तर स्वयंपाकघर राहील का? किती छान बोलायचास तेव्हा. आता त्याची बाजू तू मांडू नकोस. संस्थेत त्याला पगार मिळतो त्याचा, बिशपकीसारखं फुकट नाही ते.

तिर्झा : मी वाचला तुझा एक लेख. त्याच खोक्यातला. सगळं पटत होतं बाबा, शपथेवर. मग खाली तळटीप आली, ग्रंथाला खोटं म्हणणाऱ्या एका इतिहासवाल्या बाईंच्या पुस्तकावर. 'लेखिकेला वाचता येतं असं गृहीत धरून.' मला कसंतरीच झालं. मी वर्गात कोणाला असं बोलले असते तर तू मला माफी मागायला घरी पाठवलं असतंस. केक घेऊन.

बाबा : वेंडेलनंही तेच सांगितलं होतं. ती ओळ काढ म्हणून. वर्षभर सांगत होता.

तिर्झा : मग?

बाबा : नाही काढली. मला ती विनोदी वाटायची.

आई : विनोदी होती.

बाबा : नव्हती, कोरिन.

आई : बरं, नव्हती. एका ओळीसाठी माणसाला घरी बसवतात? आता हेही उद्या अध्यक्षांपुढे कबूल करून ये, म्हणजे झालंच.

तिर्झा : उद्या? अध्यक्षांपुढे? का?

आई : त्या तुझ्या पैजेच्या हातामुळे. विरोधाचा हात कोणी वर केला तर त्याला भेटायला बोलावतात, त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकतात. रीत आहे. पुस्तकात असते, वापरात नसते. काल फोन होता. 'ब्रदर ऑस्टलर, आम्ही आपला हात पाहिला. आपल्या मनात काही असेल तर ऐकायला आवडेल.' उद्या सभेच्या आधी.

तिर्झा : म्हणजे हॅडली जिंकली!

आई : अजून कोणी जिंकलेलं नाही. हा जाऊन काय सांगतो त्यावर आहे. आणि लीलंड, तो चमचा खाली ठेव आणि ऐक. जा, बस आणि म्हण, हो, विरोध होता. ज्याच्याबरोबर दोन वर्षं डेन्मार्कात धर्मप्रचाराच्या मिशनवर एका खोलीत काढली, ज्याच्या तापात उशाशी बसलो, त्यानं मला अडगळीसारखं बाहेर ठेवलं. असा माणूस माझा बिशप नको. सांग. एकदा तरी कोणाच्या कानावर जाऊ दे.

बाबा : आणि विरोध नसला तर?

आई : नसला तर काय! हात वर होता ना?

बाबा : मग ते खोटं होईल.

आई : वीस वर्षं खरंच बोललास. काय आलं हातात? खोकी. आणि 'चुकून राहिला वर' असं तर मुळीच सांगू नकोस. आधीच हात दाखवून अवलक्षण झालंय, त्यात वेडा ठरशील.

तिर्झा : मला कळत नाही, आपण दुसऱ्या मंडळीत का नाही जात? मार्गोची मावशी जाते तिथे. काय गातात ते लोक!

बाबा : घर जिथे, मंडळी तिथे. आपल्या रस्त्याच्या या बाजूला राहतो तोवर वेंडेलच. पलीकडच्या बाजूला बिशप दुसरा.

आई : पलीकडचं ते हिरव्या दाराचं घर विकायला आहे. मी बघून आले.

तिर्झा : आई! रस्ता ओलांडायला घर विकत घेणार होतीस?

आई : बघून आले म्हटलं. घेतलं नाही. स्वयंपाकघरात उजेड नव्हता. ती बरण्यांची झाकणं दे. रिंग हलक्या हातानं फिरव, पिळू नकोस.

तिर्झा : माहितीये गं. सहाव्या वर्षापासून करतेय. ...मला एक सांगायचंय.

आई : सांग.

तिर्झा : पैज आहे, खरंच आहे. पण मी पैजेसाठी नाही विचारलं. म्हणजे पैजेमुळे तोंड उघडलं. बुधवारी मला बिशपनी बोलावलं होतं.

आई : कोणी?

तिर्झा : वेंडेलकाकांनी.

आई : काका नको म्हणूस त्याला.

तिर्झा : जन्मापासून म्हणतेय! गाडी मागे घ्यायला त्यांनीच शिकवलं मला, बाबा शेजारी बसून किंचाळायचा म्हणून. बरं, बिशप थेन. म्हणाले, मंडळीतल्या मोठ्या मुलींच्या वर्गाची अध्यक्ष हो. आई, मी! दोन वर्षांपूर्वी प्रार्थनेला माझं नाव पुकारलं की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे, आठवतंय? तू बाहेरून दार वाजवायचीस. आणि आता मला सगळं सुचतंय. दर वेळी त्या बिस्किटांवर साखरेची नक्षी काढायची नाही, एकदा नदीवर जायचं. आणि ती नवीन मुलगी, पेट्रा, कोणी तिच्याशेजारी बसत नाही, तिला मी...

आई : वा. बापाची खुर्ची काढून घेतली आणि लेकीला स्टूल दिलं.

तिर्झा : तू असंच काहीतरी म्हणणार हे मला माहीत होतं. फक्त स्टूल सुचलं नव्हतं.

आई : काय सांगितलंस त्याला?

तिर्झा : विचार करून सांगते म्हणाले. आज संध्याकाळपर्यंत. हो म्हटलं तर उद्या सभेत माझं नाव घेणार. मी उभी राहणार, आणि सगळ्यांना विचारणार, पाठिंबा असेल त्यांनी हात वर करावा. सगळ्यांना. म्हणजे बाबालासुद्धा. आणि आई... ते म्हणाले, 'तुझ्या बाबांना आधी विचारलंय मी. ते हो म्हणाले.'

आई : लीलंड?

बाबा : मंगळवारी फोन आला होता.

आई : मंगळवारी. आज शनिवार.

बाबा : मुलांना काही काम द्यायचं तर आईबापांना आधी विचारायची रीत आहे. त्यानं विचारलं. मी ठीक आहे म्हटलं.

आई : आईबापांना. मग मी कोण, शेजारीण?

बाबा : सांगायचं राहिलं.

तिर्झा : बुधवारपासून वाट बघतेय मी. बुधवारी जेवताना वाटलं, आता बोलेल. तू म्हणालास, मीठ दे. गुरुवारी वाटलं, आज नक्की. गुरुवारी तू मीठसुद्धा मागितलं नाहीस. मला कळेना, तुला राग आलाय की आनंद झालाय की तू विसरलास. वीस वर्षं तू सगळ्या जगाला उत्तरं दिलीस बाबा, पानंच्या पानं. आणि मला?

बाबा : हल्ली कोणी काही विचारलं की मी हो म्हणतो. सोपं पडतं. छप्पर रंगवणारा आला होता, त्यालाही म्हणालो.

आई : म्हणून तो माणूस काल शिडी घेऊन दारात उभा होता!

तिर्झा : म्हणजे मी आणि छप्पर सारखंच.

बाबा : नाही. तसं नाही.

तिर्झा : मग कसं? ओरड तरी! मार्गोचे बाबा त्यांचा संघ हरला की खुर्ची फेकतात. तुला खुर्चीवरूनच काढलं आणि तू पीच सोलतोयस. आई रोज सांगते, ते अमके फोन करतात, तमके फोन करतात, म्हणतात नवा अंक काढू, छापखाना आम्ही बघतो, तुम्ही फक्त या. तू एकालाही परत फोन केला नाहीस.

बाबा : करीन.

तिर्झा : बघ! 'उघडीन', 'करीन'. मला तर वेंडेलकाकांचा इतका राग आला ना बुधवारी, की मी तोंडावर विचारलं. तिथेच, त्यांच्या खोलीत. म्हटलं, 'काका, तुम्ही माझ्या बाबाला प्रार्थना का करायला लावलीत?'

आई : कसली प्रार्थना?

तिर्झा : ...तुला माहीत नाही? बाबा, आईला माहीत नाही?

बाबा : तुला कोणी सांगितलं?

तिर्झा : मार्गोची आई संस्थेत दाराशीच बसते ना. तिनं मार्गोला सांगितलं. सांगताना रडली म्हणे.

आई : कसली प्रार्थना, लीलंड?

बाबा : काही नाही. बैठक प्रार्थनेनं सुरू होते. त्या दिवशी पाळी माझी होती. मी उभा राहिलो. म्हणालो, 'आज इथे जे ठरेल ते तुझ्या इच्छेप्रमाणे ठरो, आणि ते मान्य करायचं बळ आम्हाला दे.' सगळे आमेन म्हणाले. मी बसलो. मग वेंडेलनं सांगितलं, अंकाचं काम माझ्याकडे राहणार नाही.

आई : त्यांना माहीत होतं? प्रार्थना चालली होती तेव्हा?

बाबा : माझ्याशिवाय सगळ्यांना.

आई : आणि आमेन म्हणाले.

बाबा : नेहमीपेक्षा मोठ्यानं.

(ओट्यावरची गरम बरणी निवत हवाबंद होते, तिचं झाकण आत ओढलं जातं. टक्. आणखी एक. टक्.)

आई : काय उत्तर दिलं त्यानं तुला?

तिर्झा : आधी टेबलावरचा कागद उगाच सरळ करत बसले. मग म्हणाले, 'पाळी त्याचीच होती. त्याला वगळून दुसऱ्याला सांगितलं असतं तर तो तिथल्या तिथे समजला असता. मला वाटलं, आधी नीट बोलता येईल. आणि ती पाळीची पद्धत त्यानंच पाडलेली. ती मी मोडायची म्हणजे...' डोळे लाल झाले होते. मला आणखीच राग आला, कारण मग मला नीट रागावताच येईना. बाबा, खरंय ते? पद्धत तू पाडलीस?

बाबा : हो. आधी फक्त मोठ्या हुद्द्याचे लोक प्रार्थना करायचे. मुद्रितं तपासणाऱ्या मुली असायच्या, दाराशी बसणारी मार्गोची आई असायची, त्यांना कोणी कधी म्हणायचंच नाही. म्हणून म्हटलं पाळी लावू. कोणी मागे राहायला नको, आणि कोणाला टाळताही यायला नको. डेन्मार्कात ऑल्बोर्गमध्ये दारोदार प्रचाराला जायचो तेव्हा आम्ही तसंच करायचो, वेंडेल आणि मी. एक दार त्यानं वाजवायचं, एक मी. बाहेरून सगळी दारं सारखीच. कोणत्या दारातून शिव्या येतील आणि कोणत्या दारात कुत्रा असेल ते आधी कळत नाही. आपलं दार आलं की आपण वाजवायचं. 'हे वाईट दिसतंय, तू वाजव,' असं म्हणायचं नाही.

तिर्झा : आणि त्या दिवशी?

बाबा : त्या दिवशी दार माझं होतं.

आई : मला का नाही सांगितलंस?

बाबा : तू रडली असतीस. मग मला वाटलं असतं की मीही रडायला हवं.

आई : ...लीलंड, इकडे बघ. रविवारी मी ऑर्गनपाशी होते. तिथून सगळी सभा दिसते.

तिर्झा : आई, तू हात वर केलास का? कोणी तुझ्याकडे बघितलंच नाही!

आई : माझा विषय नाही हा. मी पुढच्या भजनाचं पान शोधत होते.

तिर्झा : पान तू आदल्या दिवशीच काढून ठेवतेस! क्लिप लावून!

आई : त्या दिवशी हरवलं होतं. गप्प बस जरा. लीलंड, तू 'हो'ला हात वर केलास. सगळ्यांबरोबर, खरं तर सगळ्यांच्या किंचित आधी. मग सगळ्यांचे हात खाली आले. तुझा आलाच नाही. तू समोर बघत होतास आणि कुठेच बघत नव्हतास. बॅगली म्हणाले, 'विरोध असेल तर', तेव्हाही तुझा हात तिथेच. मग लोकांच्या माना वळल्या, तेव्हा तुला कळलं की आपला हात वर आहे. तो खाली कसा न्यावा ते सुचेना, म्हणून चष्म्याला लावलास.

तिर्झा : म्हणजे तिन्ही! हो, नाही आणि चष्मा!

आई : हात खाली घ्यायला विसरला तो. एवढंच.

तिर्झा : मग सोडा कोणी पाजायचा?

बाबा : तुला आठवडाभर माहीत होतं, कोरिन.

आई : हो.

बाबा : आणि तरी मला म्हणत होतीस, जाऊन सांग, विरोध होता.

आई : मला वाटलं, तुला नाही तर तुझ्या हाताला तरी राग आला असेल.

बाबा : येत नाहीये. मी वाट बघतोय त्याची. सकाळी उठलो की बघतो, आला का. दाढेपाशी भूल दिली की गाल आपला वाटत नाही ना? बोट लावलं तर दुसऱ्याच्या गालाला लावल्यासारखं. तसं सगळंच झालंय. फोन वाजतो, तो दुसऱ्याचा वाटतो. खोकी दुसऱ्याची. मंगळवारी 'ठीक आहे' म्हटलं ते कोणीतरी म्हटलं. ऐकायला मी होतो.

तिर्झा : भूल उतरते, बाबा. हॅडलीची अक्कलदाढ काढली तेव्हा संध्याकाळपर्यंत उतरली. मग केवढी रडली ती.

बाबा : म्हणून मलाही घाई नाही.

आई : उद्या काय सांगणार आहेस मग?

बाबा : तू पाहिलंस ते. हात वर केला होता, खाली घ्यायचा राहिला.

आई : हसतील.

बाबा : हसू देत. बॅगली भला माणूस आहे, आधी तोंड फिरवेल, मग हसेल.

तिर्झा : आणि माझं? बाबा, आता मी विचारते. फोनवर नाही, समोर. मी होऊ अध्यक्ष?

बाबा : तुला व्हायचंय?

तिर्झा : खूप. इतकं की मला माझीच लाज वाटतेय. तू इथे असा, आई अशी, आणि माझ्या डोक्यात नदीवरची सहल.

बाबा : त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आई : त्या माणसाच्या हाताखाली? दर आठवड्याला त्याच्या खोलीत बसून, 'होय बिशप, नाही बिशप'?

तिर्झा : ते चांगले बिशप होतील, आई. तेच तर वाईट आहे. पेट्राचं नाव त्यांनीच काढलं आधी. म्हणाले, 'ती एकटी बसते, तुझ्या लक्षात आलंय का?' ते वाईट असते ना, तर मी बुधवारीच नाही म्हणून, दार आपटून आले असते. मी खरं सांगू? रविवारी मी हात वर केला होता. सरळ, कोपरापासून. आणि घरी येऊन उशीवर बुक्क्या मारल्या. दोन्ही खरं होतं.

आई : तो आवाज उशीचा होता? मला वाटलं तू नाचतेयस.

तिर्झा : बाबा, तू अजून सांगितलं नाहीस.

बाबा : मंगळवारचं 'हो' मोजू नकोस. ते छपराबरोबर गेलं. आत्ता सांगतो, तुझ्यासाठी हात वर करायला मला विचार करावा लागणार नाही. पण वेंडेल तिथे बसलेला असेल, तू उभी असशील, आणि मला त्यातलं काही जाणवेलच असं मी कबूल करू शकत नाही. तेवढं समजून घे.

तिर्झा : समजले.

आई : ही बरणी हवाबंद झाली नाही वाटतं. झाकण दाबलं की वर येतंय.

बाबा : मग ती आजच खाऊ.

तिर्झा : बरं, दोघंही बसा. नाही आई, ओटा नंतर पूस, खरंच बस. बाबा, तूपण. हात पुसून. मी सांगते तेव्हा मला तुम्ही दोघं समोर हवे आहात. ...ठरलंय माझं. मी हो म्हणणार आहे. संध्याकाळी स्वतः जाऊन सांगणार, फोनवर नाही. त्यांनी विचारलं म्हणून नाही आणि तुमच्यावर रुसून तर अजिबात नाही. मला ते काम जमेल म्हणून. उद्या नाव घेतलं की मी उभी राहीन. आई, तुझं पान हरवलं तरी मी काही म्हणणार नाही. बाबा, तुझा हात वर गेला तर खाली घ्यायची घाई नको, आणि नाही गेला तरी मी मोजायला वळणार नाही. आणि वर्गात पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट करणार आहे, ती आत्ताच सांगून ठेवते.

आई : काय?

तिर्झा : प्रार्थनेची पाळी लावणार आहे. बाबानं लावली होती तशीच. फक्त जिची पाळी असेल तिला मी आदल्या दिवशी सांगणार, उद्याची बैठक कशासाठी आहे ते.